आईने मोजलेल्या शिट्ट्या

त्या गुरुवारी आईने शिट्ट्या बरोबर मोजल्या होत्या. हे वाक्य मी सगळ्यात आधी लिहितो आहे, कारण जिथे ते बोलायला हवं होतं तिथे मी ते बोललो नाही, आणि पुढे बोललो तेव्हा जिने ते खरं मानायला हवं होतं, तिनेच मानलं नाही.

अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे आमचं वन बीएचके आहे. घरात आम्ही तिघं: आई, बायको आणि मी. मुलगी नोकरीसाठी पुण्याला असते. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेलेले, काचबिंदूमुळे डोळ्यांपुढे नुसत्या सावल्या उरलेल्या. तिची कॉट हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराला लागून आहे. बायको उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला जाते आणि साडेआठला घर सोडते. मी बदलापूरच्या एका पॅकिंग कंपनीत डिस्पॅच बघतो. मंगळवार आणि गुरुवार घरून काम करायची परवानगी मी साहेबांकडून मागून घेतली आहे, ती आईसाठीच. बाकीच्या दिवशी बायको पहाटेच सगळं करून झाकून ठेवते आणि आई दुपारी गार जेवते. या दोन दिवशी तिला गरम वरणभात मिळावा, एवढाच हेतू होता.

त्या दोन दिवसांची आमची वाटणी ठरलेली होती. बायको डाळ-तांदूळ धुऊन, कुकर भरून ओट्यावर ठेवून जायची. साडेअकराला मी गॅस पेटवायचो. शिट्ट्या आई मोजायची आणि तिने हाक मारली की मी उठून गॅस बंद करायचो. तिच्या हातात घरातलं तेवढं एकच काम राहिलं होतं. साडेअकरा वाजत आले की ती रेडिओ बंद करून कॉटवर नीट उठून बसायची. आपली ड्युटी सुरू होते आहे, असं तोंडाने म्हणायची नाही, पण पदर वगैरे सारखा करायची.

हे काम तिचं जुनं होतं. माझं लहानपण विठ्ठलवाडीच्या चाळीत गेलं. आई बदलापूरच्या पलीकडची, बारवीच्या बाजूच्या एका पाड्यावरची. चुलीवर वाढलेली. कुकर तिने लग्नानंतर कितीतरी वर्षांनी पाहिला. बाबा अंबरनाथच्या एका कंपनीत बॉयलरवर होते. एका दिवाळीत ते कुकर घेऊन आले, स्वतःच डाळ शिजत लावली, आणि पहिली शिट्टी झाली तशी आई दोन्ही कानांवर पदर दाबून गॅलरीत पळाली.

बाबा आतून म्हणाले, "अगं, आत ये. हे आमच्या बॉयलरचं पिल्लू आहे. चावत नाही."

"मग ओरडतंय कशाला?"

"ओरडतंय तोवर भ्यायचं नाही. गॅस चालू असून गप्प बसलं, तर भ्यायचं."

कामावर शिकलेलं सगळं त्यांनी तिला शिकवलं. कुकर लावण्याआधी झाकण खिडकीकडे धरायचं आणि शिट्टीच्या नळीतून उजेड आरपार दिसतो का बघायचं. दिसला नाही तर सुईने साफ करायचं, फुंकून बघायचं. रबर कडक झालं, चिरलं की बदलायचं, दोरा-बिरा गुंडाळून चालवायचं नाही. डाळ भांड्याच्या अर्ध्यावर कधी न्यायची नाही, कारण ती फुगते आणि फेस वर येतो. त्यात तेलाचा एक थेंब टाकायचा. कितीही भूक लागलेली असो, आतली वाफ उतरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, उलथन्याने ते उचकटायचं तर नाहीच. आणि शेवटचं, जे ते सगळ्यात जास्त वेळा सांगायचे: ज्याने पेटवलं त्याने जागा सोडायची नाही. जायचंच असेल तर दुसऱ्याच्या हातात सोपवून जायचं, आणि त्याने 'हो' म्हटल्याशिवाय हलायचं नाही. बॉयलरवर शिफ्ट बदलताना ते असंच करत.

आईने हे इतकं मनावर घेतलं की पुढे सगळ्या चाळीचे कुकर तिच्याकडे आले. संध्याकाळी पाणी यायचं तेव्हा बायका कुकर लावून नळावर जायच्या आणि जाता जाता सांगायच्या, "वहिनी, माझ्या दोनच हां, नुसता भात आहे." "मावशी, माझ्या पाच, छोले आहेत." आई उंबऱ्यात भाजी निवडत बसायची. आमच्या मजल्यावर सहा बिऱ्हाडं, त्यातले तीन-चार कुकर एकाच वेळी लागलेले. कोणता कुणाचा हे तिला आवाजावरून कळायचं. एक दमेकऱ्यासारखा आधी बराच वेळ खरखरायचा, एक सरळ किंकाळी फोडायचा. आकडा पुरा झाला की ती उठायची, त्या खोलीत शिरून गॅस बंद करायची आणि परत भाजीला बसायची. कुणी नळावरून ओरडून विचारलं, "वहिनी, माझ्या किती?" की ती मान वर न करता उत्तर द्यायची. एकदा एका बाईने वाद घातला की पाच झाल्या, मी मोजल्या. आई म्हणाली, "तुझ्या चार. पाचवी समोरच्या बिल्डिंगमधली. ती बाई आता नव्या कुकरची हौस करतेय." बायका हसल्या. कुकर उघडला तर छोले कच्चे होते.

मला हे सगळं माहीत होतं. माझ्या आईच्या मोजण्यात चूक होत नाही, हे जगात कुणाला माहीत असेल तर ते मला होतं.

त्या गुरुवारी सकाळी कामात घोळ झाला होता. एका गिऱ्हाइकाची खोकी दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेली होती आणि चलनावर सही माझी होती. साडेअकराला मी गॅस पेटवला आणि दहा मिनिटांत साहेबांचा फोन आला, सगळ्यांना एकत्र जोडून घेतलेला. मी हॉलमधल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून, कानात ब्लूटूथचा हेडफोन घालून बसलो होतो. साहेब सगळ्यांसमोर मला विचारत होते की गाडी भरताना तू तिथे होतास की नव्हतास. मी नव्हतो. जेवायला गेलो होतो. ते कसं सांगावं याची जुळवाजुळव मनात चालली होती.

"तीन झाल्या रे. बंद कर," आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघून मान हलवली. तिला दिसत नाही हे त्या क्षणी माझ्या लक्षात राहिलं नाही.

"ऐकलंस का? तीन झाल्या."

मी माइक बंद केला आणि "हो" म्हणालो.

"केलास का बंद?"

मी म्हणालो, "केला." खुर्चीतून उठलोही नव्हतो. तिने गप्प बसावं एवढ्यासाठी मी तो शब्द बोललो. एक मिनिटात उठतोच आहे, असं मनाशी होतं. मग साहेबांनी माझं नाव घेतलं. आईने पुन्हा काही विचारलं तर ते तिकडे ऐकू जाईल, म्हणून मी लॅपटॉप उचलून बेडरूममध्ये गेलो आणि दार लावून घेतलं.

मधल्या वेळात काय झालं ते मला संध्याकाळी आईच्या बोलण्यातून कळलं. चौथी शिट्टी झाली. तिला वाटलं, याने बंद केला म्हणतोय, मग ही खालच्या मजल्यावरची असेल. स्वयंपाकघराची खिडकी मधल्या डक्टवर उघडते, त्यातून आवाज वर येतो. पाचवी झाली, सहावी झाली. आवाज तर आपलाच वाटत होता. तिने मला हाक मारली, दोनदा. दार बंद होतं, माझ्या कानात साहेब होते. मग शिट्टी अर्धवट फुसफुसली आणि थांबली. गॅसचा आवाज मात्र येतच होता. गप्प बसलं तर भ्यायचं, हे तिला कुणी नव्याने सांगायला नको होतं. काठी घेऊन ती उठली. कॉटपासून ओट्यापर्यंत सात-आठ पावलं आहेत. ती गॅसच्या बटणाला हात घालत होती तेव्हा झाकणावरचा सेफ्टी वॉल्व्ह उडाला.

डाळीच्या फेसाने नळी बुजली होती. वाफेला वाट राहिली नाही, म्हणून वॉल्व्हने वाट करून दिली. तो त्यासाठीच असतो. तो नसता, किंवा एखाद्या घरी करतात तसा कशाने तरी बुजवलेला असता, तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

आवाज ऐकून मी धावलो. स्वयंपाकघर वाफेने भरलं होतं, छतावरून डाळ गळत होती. आई फ्रिजला टेकून फरशीवर बसली होती. गॅस तिने बंद केलेला होता. डाव्या हातावर गरम डाळ उडाली होती. मी तिला उचलून बेसिनपाशी नेलं आणि हातावर गार पाणी सोडलं. तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या सिंधी आंटी धापा टाकत वर आल्या होत्या.

"क्या हुआ? सिलिंडर फटा क्या?"

"कुकर का वॉल्व्ह," मी म्हणालो.

त्या दारातच उभ्या राहिल्या. माझ्या गळ्यात हेडफोन लोंबत होता आणि त्यातून साहेबांचा बारीक आवाज येत होता. आईने तोंड माझ्या दिशेने केलं आणि विचारलं, "मी तुला हाक मारली होती ना रे? तीन झाल्या म्हणून सांगितलं होतं ना?"

मी म्हणालो, "नाही आई. नाही मारलीस."

का म्हणालो, याचा मी फार विचार केला आहे. आंटी बघत होत्या म्हणून. संध्याकाळी बायकोला काय सांगायचं हे डोक्यात आलं म्हणून. त्याच सकाळी एका चुकीसाठी सगळ्यांसमोर बोलणी खाऊन झाली होती, दुसरी घ्यायची ताकद नव्हती म्हणून. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकाचाही उपयोग नाही. आई म्हातारी आहे, तिच्या नावावर एक विसरणं गेलं तर काय बिघडतं, असंही कुठेतरी वाटलं असणार. तेच मला सगळ्यात जास्त लागतं.

आईने पाण्याखालचा हात मागे घेतला. म्हणाली, "मारली नाही? बरं."

संध्याकाळी बायको आली, छताकडे बघितलं, आईच्या हाताचे फोड बघितले. फोड लहान होते, डॉक्टरांनी मलम दिलं होतं. बायको आईच्या कॉटवर बसून म्हणाली, "जाऊ द्या, आई. वयाप्रमाणे होतं असं. आता तुम्ही त्या शिट्ट्यांचं टेन्शन घेऊच नका. हे मोबाइलला टायमर लावतील."

"बरं," आई म्हणाली. मग कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, "पण मला याचं 'केला' ऐकू आलं होतं गं. स्पष्ट. म्हणजे आता नसलेलंही ऐकू यायला लागलं."

मी तिथेच होतो. सोफ्यावर, चार हातांवर.

दोन दिवसांनी कुकर घेऊन मी उल्हासनगरच्या बाजारात गेलो. कुकर दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने झाकण डोळ्यांपाशी नेलं, नखाने नळीतली वाळलेली डाळ खरवडली.

"बहुत सीटी मारा होगा इसने," तो म्हणाला. "घर में कोई नहीं था?"

"था."

"बहरा?"

त्याने कंपनीचा वॉल्व्ह बसवला, रबर बदललं, कुकरमध्ये पाणी भरून स्टोव्हवर ठेवून दाखवलं. "सस्ता वाला वॉल्व्ह मत डालना कभी," तो म्हणाला. "आणि साहेब, किचनमध्ये माणूस पाहिजे. टायमर सिर्फ टाइम बताता है, बंद नहीं करता."

घरी आल्यावर मी कुकर ओट्यावर ठेवला. आई म्हणाली, "झाला का नीट? माझ्यामुळे फेरी पडली तुला." त्या वेळीही सांगता आलं असतं.

पुढच्या मंगळवारी मी मोबाइलला टायमर लावला. शिट्ट्या होत होत्या आणि आई कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने रेडिओ बंद केला नव्हता.

त्यानंतरच्या चार महिन्यांत जे झालं ते हळूहळू झालं, त्यामुळे एखाद्या दिवसावर बोट ठेवता येत नाही. आधी ती फोन घेईनाशी झाली. "मी काहीतरी भलतंच सांगायची," म्हणाली. तोवर तिला सगळ्या नातेवाइकांची बाळंतपणं तिथीसकट पाठ होती. मग गोळ्या. तिचा डबा होता, सकाळच्या गोळ्या एका कप्प्यात, रात्रीच्या दुसऱ्या. ती चाचपून घ्यायची, कधी चुकली नाही. आता गोळी घेतल्यावर विचारायची, "घेतली ना मी?" घेतली म्हटलं तरी कप्पा पुन्हा चाचपायची. वार विचारायची. तिला वार माहीत असायचा, मी सांगितला की "हां, तेच" म्हणायची, पण स्वतः आधी म्हणायची नाही. पाड्यावरचा तिचा भाऊ भेटायला आला, जुनी कुठली शेताची गोष्ट निघाली, तर ती म्हणाली, "मला नको विचारूस दादा, माझं आता खरं नाही."

बायको काळजीत पडली. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तारीख विचारली, वस्तूंची नावं लक्षात ठेवायला सांगितली, शंभरातून सात-सात कमी करायला लावले. आईने सगळं बरोबर केलं, प्रत्येक उत्तरानंतर "चुकलं असेल" म्हणत. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे." रिक्षात आई म्हणाली, "डॉक्टर लोकांना म्हाताऱ्यांशी असं गोड बोलावंच लागतं."

एका दुपारी मी तिचं ताट उचलत होतो. नुकतीच जेवली होती ती, वरणभात आणि पापड. तिने विचारलं, "मी जेवले का रे?"

माझ्या हातात ताट होतं. "आत्ताच जेवलीस की."

"हो ना? पोट भरल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "पण म्हटलं विचारावं."

मी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि ते धुवत बराच वेळ नळाशी उभा राहिलो. तिला जेवल्याचं आठवत होतं. आपल्या पोटावरचाही तिचा विश्वास गेला होता, आणि तो मी घालवला होता. एका शब्दाने.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती डब्यातली पोळी मोडत होती, ती तशीच हातात राहिली.

"म्हणजे त्यांनी हाक मारली होती."

"हो."

"आणि तुम्ही 'केला' म्हणालात."

"हो."

"आणि मी त्यांना वयाप्रमाणे होतं म्हणाले." ती पोळी खाली ठेवून उठली. "मला काय सांगताय? मला सांगून तुम्हाला मोकळं व्हायचंय. जा, त्यांना सांगा."

मी गेलो. आईच्या कॉटपाशी खाली बसलो. तिला म्हणालो की आई, त्या दिवशी तू हाक मारली होतीस. तीन झाल्या, बंद कर, म्हणाली होतीस. मी केला म्हणालो आणि केला नव्हता. तुझं काही चुकलं नव्हतं. मी खोटं बोललो.

आईने हात पुढे करून माझं डोकं शोधलं आणि केसांतून हात फिरवला.

"असू दे," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून कशाला खोटं बोलतोस?"

"खोटं नाही आई. शपथ."

"शपथा घेऊ नये."

"तू काय बोललीस ते शब्दन् शब्द सांगतो तुला. 'तीन झाल्या रे, बंद कर' असं म्हणालीस. मग 'ऐकलंस का?' म्हणालीस."

ती हसली. थट्टेचं नाही, दमलेलं हसू. "ते मी रोजच म्हणायचे. दर मंगळवारी, दर गुरुवारी. त्या दिवशी तेवढं राहिलं असेल."

माझ्याकडे पुरावा म्हणून तिचे शब्द होते, आणि ते शब्द प्रत्येक दिवसाचे होते.

मग मला आंटी आठवल्या. त्यांची खिडकी त्याच डक्टवर उघडते. मी खाली गेलो. त्या पापड भाजत होत्या. मी विचारलं की त्या दिवशी आईचा आवाज तुम्हाला आला होता का.

त्यांनी गॅस बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. "अम्मा ने आवाज दिया था. पहले भी, बाद में भी. मैंने अपने कान से सुना."

"मग त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही नाही बोलला ना," आंटी म्हणाल्या. "बेटा अपनी माँ को बोल रहा है, मैं बीच में क्या बोलूँ?" मग म्हणाल्या, "मला वाटलं, नंतर सांगाल. इतने महीने हो गए, नहीं बताया?"

म्हणजे मी ते वाक्य बोललो तेव्हा दारात उभ्या असलेल्या बाईला ते खोटं आहे हे ठाऊक होतं. त्यानंतर चार महिने त्या जिन्यात भेटल्या की हसायच्या, आईची चौकशी करायच्या.

त्या माझ्याबरोबर वर आल्या. आईचा हात हातात घेऊन त्यांनी आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं, "अम्मा, तुम्ही आवाज दिला होता. दो-तीन बार. मी किचनमध्ये होती. ये तुम्हारा बेटा ही बेवकूफ है, तुम्ही एकदम बरोबर."

आईने त्यांना चहा घेऊन जा म्हटलं. सुनेला हाक मारून चहा टाकायला लावला. पापडांबद्दल विचारलं. आंटी गेल्या, दार लागलं, आणि आई मला म्हणाली, "तिला कशाला त्रास दिलास? पढवून आणलंस बिचारीला."

मी तिथे बसून रडलो. आईने पुन्हा डोक्यावरून हात फिरवला. माझं सांत्वन करत होती ती.

आता मी मंगळवारी आणि गुरुवारी साडेअकरा ते बारा या वेळात फोन घेत नाही. साहेबांना तसं सांगून टाकलं आहे, कारणासकट. त्यांनी ऐकून घेतलं. कुकर लावण्याआधी मी झाकण खिडकीकडे धरून नळी बघतो, डाळ अर्ध्याच्या खाली आहे ना बघतो, तेलाचा थेंब टाकतो. टायमर लावत नाही. ओट्याशी उभा राहतो आणि आईला म्हणतो, "आई, तू मोज. मला कामात लक्ष राहत नाही." ती नको म्हणत नाही. मुलाने सांगितलं म्हणून करते.

परवाच्या गुरुवारी मी दारात अशा जागी उभा होतो जिथून तिचे हात दिसतात. ती बोटांच्या पेरांवर मोजते. पहिली शिट्टी झाली, अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर गेला. दुसरी झाली, अंगठा वर सरकला. तिसरी झाली, तो तिसऱ्या पेरावर थांबला. बरोबर तीन. तिने हाक मारली नाही.

"किती झाल्या आई?" मी विचारलं.

"तू सांग."

माझ्या मनात आलं की आपण मुद्दाम चुकावं. चाळीतल्या त्या बाईला जसं तिने मान वर न करता सुनावलं होतं, तसं मलाही सुनावेल. तुझ्या दोन नाहीत, तीन झाल्या, म्हणेल. मी म्हणालो, "दोन."

तिने क्षणभर ऐकल्यासारखं केलं. मग अंगठा तिसऱ्या पेरावरून उचलला आणि एक पेर मागे आणून दुसऱ्यावर ठेवला.

मी आत जाऊन गॅस बंद केला. परत येऊन म्हणालो, "चुकलो आई. तीन झाल्या होत्या. तुझं बरोबर होतं."

"असेल," ती म्हणाली. "तू म्हणशील तेवढ्या."